पंप देखभाल पुस्तिकेतले तीन तक्ते : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

पाण्याच्या पंपाची देखभाल पुस्तिका छापायची आहे, ए४ आकारात. तिच्यात तीन तक्ते. पहिला तपासणीचा : कोणता भाग, त्यात काय बघायचं, किती दिवसांनी. दुसरा सुट्या भागांच्या यादीचा, तो दोन-तीन पानं जाईल. तिसरा कोरा, हाताने भरायचा. फाईल वर्डमध्ये तयार करायची, पण पुढे दुरुस्त्या करणारे लिबरऑफिस रायटर वापरणार आहेत. तेव्हा दोन्हीकडे टिकेल तेवढंच वापरायचं.

आधी शब्द पक्के केले. आडवी ती रो, उभा तो कॉलम, दोन्ही जिथे मिळतात तो सेल. ‘ओळ’ हा शब्द फक्त सेलमधल्या मजकुराच्या ओळीसाठी राखला. ‘दुसरी ओळ खोडा’ असं लिहिलं आणि समोरच्याने अख्खी रो उडवली, असं होता कामा नये.

आज सगळं काम कागदावर. ए४ ची रुंदी २१ सेमी. डावा-उजवा समास अडीच-अडीच सेमी धरला की मजकुराला १६ सेमी उरतात. तपासणी तक्त्याचे पाच कॉलम त्यात बसवले : क्र. १.२, भाग ३.६, काय बघायचं ६.२, मुदत २.६, शेरा २.४. बेरीज बरोबर १६.

ही बेरीज आधी करण्याचं कारण आहे. वर्डमध्ये प्रत्येक सेलच्या आत डावीकडे-उजवीकडे ०.१९ सेमी मोकळी जागा ठरलेली असते. म्हणजे कॉलम जेवढा दिसतो त्यापेक्षा मजकुराला ०.३८ सेमी कमी मिळतात. १.२ सेमीच्या कॉलममध्ये लिहायला उरतात फक्त ०.८२. रुंद कॉलममध्ये हा फरक जाणवत नाही, अरुंद कॉलममध्ये तोच सगळा घोळ घालतो.

४ फेब्रुवारी

तक्ता टाकला. ‘इन्सर्ट’ टॅबमधल्या ‘टेबल’ बटणाखाली चौकोनांची जाळी उघडते, १० कॉलम आणि ८ रोंची. तिच्यावरून माऊस फिरवून तक्ता झटकन येतो, पण रुंदी आपल्या हातात राहत नाही. म्हणून जाळीखालचं ‘इन्सर्ट टेबल’ निवडलं. त्या खिडकीत कॉलम ५, रो २, आणि खाली ‘फिक्स्ड कॉलम विड्थ’ला ‘ऑटो’. पाचही कॉलम ३.२ सेमीचे आले.

रो दोनच घेतल्या. एक शीर्षकाची, एक नमुन्याची. शेवटच्या सेलमध्ये कर्सर असताना टॅब दाबला की खाली नवी रो येते आणि ती शेवटच्या रोचीच घडण उचलते : तोच फाँट, तीच उंची, तीच बाजू. नमुन्याची एक रो नीट बसवली की पुढच्या वीस रो आपोआप तशाच येतात. आधी पंचवीस रिकाम्या रो टाकून मग त्या सगळ्या सजवत बसणं म्हणजे एकच काम पंचवीसदा करणं.

मग रुंदी. तक्त्यात कर्सर ठेवून ‘लेआउट’ (पानाचा नव्हे, तक्त्याचा टॅब), ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘कॉलम’ हे पान. ‘नेक्स्ट कॉलम’ दाबत पाच आकडे भरले. त्यानंतर त्याच खिडकीतल्या ‘टेबल’ पानावर ‘ऑप्शन्स’, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’ची खूण काढली. ही खूण राहिली तर न तुटणारा लांब शब्द टाईप होताच तो कॉलम फुगतो आणि शेजारचे आक्रसतात. कालची सगळी बेरीज मग वाया.

माऊसने रेघ ओढताना एक धोका कायम असतो. एखादा सेल निवडलेला असताना त्याची उभी रेघ ओढली, तर फक्त त्या रोची रेघ सरकते. बाकीच्या जागच्या जागी. तक्ता पायऱ्या पायऱ्यांचा दिसू लागतो आणि ते हाताने जुळवायला गेलं की अर्ध्या मिलिमीटरचे फरक राहतातच. उपाय सोपा : निवड सोडायची, नुसता कर्सर ठेवायचा, मग ओढायचं. ओढताना ऑल्ट दाबून धरला तर पट्टीवर प्रत्येक कॉलमची रुंदी आकड्यात दिसते. रेघ आधीच विस्कटली असेल तर अख्खा कॉलम निवडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकडा पुन्हा घालायचा, रेघ सरळ होते.

रायटरमध्ये हेच काम कंट्रोल आणि एफ१२ ने. तिथली खिडकी सुरुवातीलाच तक्त्याचं नाव, रो, कॉलम आणि शीर्षकाच्या रो किती ते विचारते. ही पद्धत आम्हाला जास्त आवडली, कारण शीर्षकाची रो हा तक्त्याचा भाग आहे हे तिथे पहिल्याच पायरीला ठरतं.

५ फेब्रुवारी

आजचा दिवस अक्षरांचा. तक्त्यासाठी दोन परिच्छेद-स्टाईल केल्या : ‘तक्ता मजकूर’ आणि ‘तक्ता शीर्षक’. मजकूर १० पॉइंट, डावीकडून, ओळींमधलं अंतर ‘सिंगल’, परिच्छेदाच्या वर २ पॉइंट, खाली २ पॉइंट. शीर्षकाची बाकी सगळी मापं तीच, फक्त ठळक.

वरखाली सारखंच अंतर का, तर पुस्तिकेच्या मुख्य मजकुराची स्टाईल परिच्छेदाखाली ८ पॉइंट सोडते आणि वर काहीच नाही. ती स्टाईल सेलमध्ये गेली की मजकूर वर चिकटतो आणि खाली पोकळी राहते. ‘लेआउट’मधून उभा मध्य निवडला तरी फरक पडत नाही. वर्ड ते ८ पॉइंट धरूनच मध्य काढतो. ‘मध्य लावला तरी मध्यात येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

देवनागरीसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. वर्ड आणि रायटर दोघंही देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतात आणि तिचा फाँट व आकार रोमन अक्षरांपासून वेगळा साठवतात. स्टाईलमध्ये फक्त वरचा आकार १० केला तर इंग्रजी आकडे १० चे होतात, मराठी मजकूर मात्र जुन्या १२ वरच राहतो. एकाच सेलमध्ये आकडा बारका आणि शब्द मोठा. वर्डच्या ‘फाँट’ खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग असतो, तिथेही फाँट, ठळकपणा आणि आकार भरायचा. रायटरमध्ये तो ‘सीटीएल’, म्हणजे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’, या नावाने दिसतो. हा भाग दिसतच नसेल तर आधी भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून घ्यायची.

ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवायचं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. ११ पॉइंटच्या मजकुराला ‘एक्झॅक्टली १२’ लावून पाहिलं. ‘वर्षातून’ या शब्दाचा रफार वरून छाटला गेला आणि उरलं ‘वषातून’. ‘पूर्ण’चा रफार गेला आणि खालचा ऊकारही निम्मा झाला. रोमन अक्षरांना जेवढी उंची पुरते तेवढी आपल्या मात्रा-वेलांट्यांना पुरत नाही.

रोच्या उंचीलाही हाच नियम. ‘रो’ पानावर उंची द्यायची तर ‘अॅट लीस्ट’. ‘एक्झॅक्टली’ दिली आणि मजकूर दुसऱ्या ओळीवर गेला, तर ती दुसरी ओळ गुपचूप लपते. छापल्यावर पत्ता लागतो, तोही वाचणाऱ्याला. रायटरमध्ये ‘रो हाइट’च्या खिडकीत ‘फिट टू साइझ’ची खूण ठेवली की उंची मजकुराबरोबर वाढते.

६ फेब्रुवारी

पहिल्या कॉलमचं शीर्षक ‘अनुक्रमांक’ होतं. ०.८२ सेमीत ते ‘अनु’, ‘क्र’, ‘मांक’ असं तीन ओळींत तुटलं आणि शीर्षकाची अख्खी रो उंच झाली. ‘क्र.’ केलं.

७ फेब्रुवारी

तपासणी तक्त्यात मजकूर भरला, १४ रो. भरण्याचे नियम भरता भरता पक्के होत गेले, ते असे.

टॅबने पुढच्या सेलमध्ये, शिफ्ट-टॅबने मागच्या. सेलच्या आत खरोखरच टॅब हवा असेल तर कंट्रोल-टॅब. स्पेसबार दाबत मजकूर मध्यावर आणायचा नाही, त्यासाठी ‘लेआउट’मधली नऊ बटणं आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन नोंदी एका सेलमध्ये एन्टर मारून खाली खाली लिहायच्या नाहीत. ‘भाग’ कॉलममध्ये ‘बेअरिंग’ आणि त्याखाली एन्टर मारून ‘कपलिंग’ लिहिलं होतं, शेजारी दोन सूचना, त्यापुढे दोन मुदती. पडद्यावर जुळत होतं. मग बेअरिंगची सूचना दोन ओळींची झाली आणि कपलिंगची मुदत बेअरिंगच्या सूचनेसमोर येऊन बसली. देखभालीच्या पुस्तिकेत अशी चूक परवडत नाही. एक नोंद, एक रो.

सूचना लिहिताना वाक्य सेलपुरतं आटोपशीर असावं लागतं. उदाहरणार्थ ग्लँड पॅकिंगची, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या भरणाची रो. भाग : ग्लँड पॅकिंग. काय बघायचं : पंप चालू असताना पाणी थेंबाथेंबाने येतंय ना, धार लागली असेल तर नट थोडे आवळा. ‘पंप चालू असताना’ हे शब्द आम्ही ‘मुदत’ कॉलममधून उचलून सूचनेत आणले, कारण ती वेळ नाही, अट आहे. कॉलमचं शीर्षक जे विचारतं त्याचंच उत्तर त्या सेलमध्ये हवं. कॉलम चुकीचा आखला आहे की नाही, ते मजकूर भरताना असंच कळतं.

आकडा आणि एकक यांच्यामध्ये साधी स्पेस दिली की अरुंद कॉलममध्ये ‘१५’ एका ओळीवर आणि ‘दिवस’ दुसऱ्या. तिथे कंट्रोल-शिफ्ट-स्पेस, म्हणजे न तुटणारी स्पेस. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हीच कळ. भागाच्या क्रमांकातल्या आडव्या रेघेवरही ओळ तुटते, तिथे कंट्रोल-शिफ्ट आणि आडवी रेघ.

रिकामा सेल ठेवला नाही. लागू नसेल तिथे लांब रेघ. रिकामी जागा पाहून वाचणाऱ्याला वाटतं की भरायचं राहिलं.

रोचा क्रम बदलायला कापून चिकटवायची गरज नाही. वर्डमध्ये रोत कर्सर ठेवून ऑल्ट-शिफ्ट आणि वरचा किंवा खालचा बाण. रो जशीच्या तशी सरकते.

१० फेब्रुवारी

दुसरा तक्ता, सुटे भाग. यादी आधीच टाईप केलेली मिळाली : प्रत्येक भाग वेगळ्या ओळीवर, मधली माहिती स्वल्पविरामांनी तोडलेली. ती पुन्हा टाईप करायची नाही. ‘इन्सर्ट’, ‘टेबल’, ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल’.

पण स्वल्पविराम हा विभाजक म्हणून बेभरवशाचा. पहिल्याच प्रयत्नात काही रोंत पाच सेल भरले आणि काही रोंत सात, कारण बेअरिंगच्या मापात ‘आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२ मिमी, रुंदी १५ मिमी’ असे दोन स्वल्पविराम मजकुरातलेच होते. उलटा फिरलो. सगळ्या ओळींत विभाजक स्वल्पविराम काढून टॅब घातला, आणि मापं ‘२५ × ५२ × १५ मिमी’ अशी लिहिली. हे माप ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचं. ६२०४ चं २० × ४७ × १४. क्रम कोणता ते शीर्षकातच टाकलं : ‘आतला व्यास × बाहेरचा व्यास × रुंदी’. एकक शीर्षकात नेलं की प्रत्येक सेलमधून ‘मिमी’ काढता येतं, आणि कॉलम लगेच मोकळा दिसतो.

तरीही काही रोत मजकूर एक घर उजवीकडे सरकला. कारण टाईप करणाऱ्याने ओळी डोळ्यांना जुळाव्यात म्हणून काही ठिकाणी दोन टॅब मारले होते. लागोपाठ दोन टॅब म्हणजे मध्ये एक रिकामा सेल, वर्ड तसंच समजतो. यासाठी बदल करण्याआधी ‘होम’मधलं परिच्छेदचिन्हाचं बटण दाबायचं. टॅब बाणासारखे आणि स्पेस ठिपक्यांसारख्या दिसतात. मग ‘रिप्लेस’च्या खिडकीत ‘स्पेशल’मधून ‘टॅब कॅरेक्टर’ दोनदा शोधायला आणि एकदा बदलायला घालायचं. ‘रिप्लेस ऑल’, जोवर शून्य बदल होत नाहीत तोवर. मात्र जिथे खरोखरच माहिती नाही तिथे आधी लांब रेघ घालून घ्यायची, नाहीतर ते रिकामं घर पुसलं जाऊन पुढचा मजकूर मागे सरकतो.

रूपांतराच्या खिडकीत कॉलमांची संख्या वर्ड स्वतःच मोजून दाखवतो. तिथे ५ ऐवजी ६ दिसलं तर ‘ओके’ दाबायचं नाही. कुठल्यातरी एका ओळीत एक टॅब जास्त आहे.

स्प्रेडशीटमधून आणायचं असेल तरी हीच वाट बरी. चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडलं की मजकूर टॅबने तुटलेला येतो, आणि त्याचा तक्ता आपल्या मापात करता येतो. थेट चिकटवलं तर तिथली रुंदी, तिथला फाँट, तिथले रंग सगळं मागोमाग येतं.

कॉलम : क्र. १.२, भागाचं नाव ५.०, माप किंवा क्रमांक ४.६, नग १.६, शेरा ३.६. पुन्हा १६.

११ फेब्रुवारी

यादी तीन पानांवर गेली. दुसऱ्या पानावर कॉलमांची नावं नाहीत. कुणीतरी प्रत्येक पानाच्या वर शीर्षकाची रो हाताने टाईप करून ठेवली होती. आज यादीच्या मध्ये एक रो वाढवली आणि ती हाताने टाकलेली शीर्षकं पानाच्या मधोमध आली. सगळी काढली.

योग्य रीत : शीर्षकाच्या रोत कर्सर, ‘लेआउट’, ‘रिपीट हेडर रोज’. शीर्षक दोन रोंचं असेल तर दोन्ही निवडायच्या. निवड पहिल्या रोपासूनच सुरू व्हायला हवी, नाहीतर हे लागू होत नाही. रायटरमध्ये ‘टेबल प्रॉपर्टीज’, ‘टेक्स्ट फ्लो’, ‘रिपीट हेडिंग’ आणि रोंची संख्या.

वर्डमध्ये बटण दाबलं तरी शीर्षक पुढच्या पानावर आलं नाही. कारणं दोन असू शकतात, आमच्याकडे दोन्ही होती. एक, तक्त्याच्या मध्ये कंट्रोल-एन्टरने पान तोडलेलं होतं. हाताने पान तोडलं की पुढे शीर्षक येत नाही. ती तोड काढली. एखादी रो नव्या पानावरच हवी असेल तर त्या रोतल्या परिच्छेदाला ‘पेज ब्रेक बिफोर’ द्यायचा, शीर्षक शाबूत राहतं. दुसरं कारण लपलेलं : ‘प्रॉपर्टीज’च्या ‘टेबल’ पानावर ‘टेक्स्ट रॅपिंग’ हे ‘अराउंड’ झालेलं. हे कुणी मुद्दाम करत नाही. तक्त्याच्या डाव्या कोपऱ्यावरच्या चार बाणांच्या खुणेला धरून तक्ता जरासा ओढला की ते आपोआप होतं. ‘नन’ केलं आणि तिन्ही पानांवर शीर्षक आलं. तो कोपरा ओढायचा नाही. तक्ता सरकवायचा तर ‘अलाइनमेंट’ने.

दुसरी खूण : ‘रो’ पानावरची ‘अलाऊ रो टू ब्रेक अॅक्रॉस पेजेस’ काढली. नाहीतर एका भागाचं नाव या पानावर आणि त्याच सेलची दुसरी ओळ पुढच्या पानावर.

तपासणी तक्ता मात्र एकाच पानावर राहायला हवा. त्यासाठी शेवटची रो सोडून बाकी सगळ्या रो निवडून ‘पॅराग्राफ’मध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’. शेवटच्या रोलाही लावलं तर तक्ता पुढच्या परिच्छेदाला बांधला जातो आणि तोही ओढला जातो.

१२ फेब्रुवारी

पंचिंगला जागा हवी म्हणून डावा समास २.५ वरून ३ सेमी झाला. मजकूर १५.५ सेमीत आला, तक्ते १६ वरच राहिले आणि उजव्या समासात अर्धा सेमी बाहेर आले. अर्धा सेमी तिन्ही तक्त्यांच्या सर्वांत रुंद कॉलममधून काढला : ६.२ चे ५.७, भागाच्या नावाचे ५ चे ४.५, तिसऱ्या तक्त्यात ७ चे ६.५. अरुंद कॉलमना हात लावला नाही, तिथे प्रत्येक मिलिमीटर मोजून दिलेला आहे.

जुन्या स्वरूपातल्या फाईलमध्ये, म्हणजे वर्डच्या शीर्षकपट्टीवर ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ दिसतो तेव्हा, तक्त्याची डावी रेघ समासाच्या ०.१९ सेमी बाहेर असते. सेलमधला मजकूर पानाच्या मजकुराशी जुळावा म्हणून ती तशी ठेवलेली. नव्या स्वरूपात रेघच समासाशी जुळते. दोन फाईलींमधले तक्ते एकत्र केले तर हा फरक डोळ्यात येतो.

१३ फेब्रुवारी

यादीखाली एकूण नग. ‘लेआउट’, ‘फॉर्म्युला’. वर आकडे असले की वरच्यांची बेरीज करायचं सूत्र आपोआप भरून येतं. या एका कॉलममध्ये इंग्रजी अंक ठेवले, उजवीकडे जुळवले.

ही बेरीज जिवंत नसते. वरचा आकडा बदलला तरी खालचा तोच राहतो. बेरजेवर कर्सर ठेवून एफ९ दाबावा लागतो. छापण्याआधी कंट्रोल-ए आणि एफ९ दाबला की सगळ्या बेरजा एकदम ताज्या होतात. मध्ये रिकामा सेल असेल तर बेरीज तिथेच थांबते आणि वरचे आकडे सुटतात. म्हणून या कॉलममध्ये लांब रेघ नाही, शून्य. आणि कॉलमच्या शीर्षकात एखादं साल किंवा आकडा असेल तर तोही बेरजेत जातो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. शीर्षक नुसतं ‘नग’ ठेवलं.

रायटरमध्ये ‘नंबर रेकग्निशन’ चालू असेल तर ‘००७’ असा क्रमांक ‘७’ होतो. बंद केलं.

१४ फेब्रुवारी

रेघा. सगळीकडे अर्धा पॉइंट, शीर्षकाखाली दीड. शीर्षकाला १५ टक्के करडा. याहून गडद केला तर झेरॉक्सच्या प्रतीत अक्षरं ठिपक्यांत बुडतात. एवढंच पुरे.

सेल जोडणं टाळलं. तपासणी तक्त्यात ‘दर आठवड्याला’ हा शब्द सहा रोंत पुन्हा पुन्हा येतो आणि ते सहा सेल एकत्र करायचा मोह होतो. जोडलेल्या सेलमध्ये पुढे रो घालणं-काढणं अवघड होतं, कॉलम निवडताना भलतंच निवडलं जातं, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कुठला सेल कोणत्या शीर्षकाखाली आहे ते कळत नाही. शब्द सहा वेळा लिहिला. मधूनच एखादी रो वाचणाऱ्याला त्याचा फायदाच होतो.

१७ फेब्रुवारी

तिसरा, कोरा तक्ता. तारीख २.२, काम ६.५, चालू तास २.२, कोणी केलं २.६, सही २.०. हाताने लिहायला रोची उंची ०.९ सेमी, ०.७ करून पेनने भरून पाहिलं तर वेलांट्या वरच्या रेघेत घुसतात.

किती रो बसतील ते मोजून ठरवलं. ए४ ची उंची २९.७, वरखाली अडीच-अडीच समास गेले की २४.७. नाव आणि मथळ्याला २.२, शीर्षकाच्या रोला १.० जाऊन उरले २१.५. भागिले ०.९ म्हणजे सुमारे २३.९. रो २३ घेतल्या, त्या २०.७ सेमी खातात, ०.८ शिल्लक. चोवीसावी रो घातली तर २१.६ होतात, फक्त एक मिलिमीटर जास्त, आणि तेवढ्यावर शेवटची रो एकटी दुसऱ्या पानावर जाते.

ती ०.८ ची शिल्लक वाया नाही. वर्डमध्ये फाईलच्या शेवटी तक्ता असला तरी त्याच्याखाली एक रिकामा परिच्छेद असतोच आणि तो खोडता येत नाही. त्याला जागा उरली नाही की शेवटी एक कोरं पान निघतं. जागा अगदीच नसेल तर त्या परिच्छेदाचा फाँट १ पॉइंट, ओळीचं अंतर ‘एक्झॅक्टली १’, वरखालचं अंतर शून्य. ‘एक्झॅक्टली’ वापरायची पुस्तिकेतली ही एकमेव जागा, कारण तिथे अक्षर नाही.

तक्ता फाईलच्या अगदी सुरुवातीला असेल आणि वर नाव लिहायला जागा नसेल, तर पहिल्या सेलच्या सुरुवातीला कर्सर ठेवून एन्टर. वर एक मोकळा परिच्छेद येतो. रायटरमध्येही चालतं.

अख्खा तक्ता खोडायचा तर निवडून बॅकस्पेस. डिलीट दाबलं तर वर्ड आतला मजकूर पुसतो, रेघा तशाच ठेवतो. कोरा तक्ता पुन्हा कोरा करायला हे उपयोगी पडलं.

१८ फेब्रुवारी

मथळे. ‘रेफरन्सेस’, ‘इन्सर्ट कॅप्शन’, ‘न्यू लेबल’मध्ये ‘तक्ता’, जागा वर. क्रमांक आपोआप पडतो. मजकुरात ‘तक्ता २ पाहा’ असं टाईप न करता ‘क्रॉस-रेफरन्स’ने घातलं. मध्ये नवा तक्ता आला तर कंट्रोल-ए, एफ९ ने सगळे क्रमांक सरकतात. आधी हाताने टाईप केलेले तीन उल्लेख सापडले, तिन्ही बदलले.

‘प्रॉपर्टीज’च्या ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये प्रत्येक तक्त्यात काय आहे ते एका वाक्यात लिहिलं.

१९ फेब्रुवारी

फाईल रायटरमध्ये उघडली. रुंदी, शीर्षकाची पुनरावृत्ती, मथळे जागेवर. फाँट त्या संगणकावर नव्हता म्हणून दुसरा लागला. त्याची अक्षरं रुंद निघाली, तपासणी तक्त्यातल्या चार रो दोनच्या तीन ओळींच्या झाल्या आणि तक्ता पानाबाहेर गेला. रोची उंची ‘अॅट लीस्ट’ असल्यामुळे मजकूर मात्र कुठे कापला गेला नाही. तोच फाँट तिथे बसवला, तक्ता परत एका पानात आला. छापखान्याला पीडीएफच द्यायची, फाँट आत बसवून.

२० फेब्रुवारी

पीडीएफ कागदावर काढली, ‘अॅक्च्युअल साइझ’वर. ‘फिट’वर छापलं तर पान आक्रसू शकतं आणि ०.९ ची रो ०.९ राहत नाही. पट्टीने मोजली : शीर्षक सोडून दहा रो, ९ सेमी. यादीच्या तिसऱ्या पानावर फक्त दोन रो उरल्या होत्या. शेऱ्यातली दोन वाक्यं आखडली, यादी दोन पानांत आली. बेरजा आणि क्रमांक एफ९ ने ताजे करून पीडीएफ पुन्हा काढली आणि छापायला दिली.